चूक कामगाराची, जबाबदारी कोणाची?

विजेचा पाठ शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांसमोर इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग ठेवतो आणि विचारतो, ‘यातली एक पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का?’ थोडी चुळबुळ होते, मग कोणीतरी सांगते, ‘ती अर्थिंगची आहे.’ उत्तर बरोबर असते, पण अपुरे. लांब असल्यामुळे ही पिन प्लग बसवताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. जाड असल्यामुळे ती चुकूनही विजेच्या छिद्रात शिरत नाही. इस्त्रीच्या आतली फेजची तार झिजून धातूच्या भागाला टेकली, तर वीज माणसाच्या हातातून न जाता अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाते. प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज वितळतो आणि पुरवठा तुटतो.

हा प्लग ज्याने आखला, त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती. इस्त्री वापरणारा माणूस कधीतरी चुकणार, घाई करणार, ओल्या हाताने बटण दाबणार. म्हणून ‘सावध राहा’ असे नुसते न सांगता त्याने वस्तूतच सुरक्षितता घातली.

हाच विचार कायद्यात आणण्यासाठी झगडलेल्या एका माणसाची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी.

कुलाब्यातला शिक्षक

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. हे मुंबईचे उपनगर नव्हे, तर माणगाव तालुक्यातले, लोणेऱ्याजवळचे गोरेगाव. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पुण्यात शिक्षण घेऊन जोशी पदवीधर झाले आणि काही वर्षे त्यांनी शाळांतून शिक्षकाचे काम केले. १९०९ मध्ये ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार वस्तीतील रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे करता करता त्यांना गिरणी कामगारांचे जगणे जवळून दिसले.

कोकणातून कामासाठी मुंबईला जाणाऱ्यांची वाट तेव्हा मळलेली होती. १९१५ मध्ये याच जिल्ह्यातून आणखी एक गोष्ट मुंबईला जाऊ लागली, ती म्हणजे वीज. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणून टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे चालू झाली. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या.

विजेने काय दिले याची यादी आपण नेहमी देतो. तिने काय घेतले, तेही सांगायला हवे. खोपोलीच्या आधीच मुंबईच्या काही गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. तोवर सूर्य मावळला की काम थांबे. दिवे आल्यावर कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०८ च्या सरकारी आयोगाने हे नोंदवले आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. थकलेला माणूस आणि वेगाने फिरणारे यंत्र एकत्र आले की अपघात होणारच.

मालकाच्या तीन ढाली

अपघातात कामगाराचा हात तुटला तर त्या काळी काय होत असे? त्याला दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाची चूक सिद्ध करावी लागे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेने मालकाच्या हाती तीन ढाली दिल्या होत्या. पहिली, अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीमुळे झाला, म्हणून मालक जबाबदार नाही. दुसरी, काम धोक्याचे आहे हे ठाऊक असूनच कामगाराने ते पत्करले. तिसरी, कामगाराचा स्वतःचाही निष्काळजीपणा होता. निरक्षर, कर्जात बुडालेला आणि आता हातही गमावलेला माणूस या तिन्ही ढाली भेदून जाणार कसा?

जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला आणि ब्रिटनने १८९७ मध्ये नुकसानभरपाईचा. दोन्हींमागे एकच तत्त्व होते. यंत्र चालवले की काही अपघात होणारच. तेव्हा कोळसा, कापूस आणि तेल यांच्याप्रमाणे अपघाताची किंमतही उत्पादनाच्या खर्चात धरली पाहिजे. चूक कोणाची हा प्रश्न मग मुख्य राहत नाही.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिला जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळ सुरू झाले, तेव्हा कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांना नियुक्त केले. ते निवडून आलेले नव्हते, कारण बहुतेक कामगारांना मतच नव्हते. मागे पक्ष नाही, मतदार नाहीत, अशा स्थितीत त्यांनी पाव शतक तेथे कामगारांची बाजू मांडली.

भरपाईचे गणित

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. काम करत असताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे दाखवले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामांना तो लागू आहे याची यादी आहे. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि खांब उभारणारे व दुरुस्त करणारे कामगारही तीत आहेत.

पहिल्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचा हिशेब आहे. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची ताकद ७० टक्के कमी झाली असे धरायचे. डाव्या हातासाठी ६०, एका डोळ्यासाठी ३०, अंगठ्यासाठी २५ आणि तर्जनीसाठी १० टक्के, असे मूळ कायद्यातले आकडे होते. पूर्ण व कायमच्या अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतली लहान रक्कम मिळे. मृत्यू झाल्यास ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतली लहान रक्कम वारसांना मिळे.

उदाहरण घेऊ. महिना ३० रुपये पगार असलेल्या कामगाराचा उजवा हात गेला. ४२ गुणिले ३० म्हणजे १,२६० रुपये. त्याचे ७० टक्के म्हणजे ८८२ रुपये. अंगठा गेला असेल तर ३१५ रुपये आणि जीव गेला तर ९०० रुपये. अंगठ्याची किंमत अशी रुपयांत मांडलेली पाहून मनाला बरे वाटत नाही. पण त्याआधी ती किंमत बहुधा शून्य होती.

कायद्यात उणिवा होत्या. दहा दिवसांपर्यंतच्या दुखापतीला काहीच मिळत नसे. दारूच्या अंमलाखाली असल्यास, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडल्यास किंवा यंत्रावरचे संरक्षक साधन मुद्दाम काढल्यास मालक सुटत असे. जोशी पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगार आयोगाचे सदस्य झाले. या आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यानंतर १९३३ च्या दुरुस्तीने दहा दिवसांचे सात केले आणि मृत्यू झाल्यास कामगाराच्या चुकीची सबब मालकाला पुढे करता येणार नाही असे ठरवले. नवरा नियम मोडून मेला म्हणून त्याच्या बायकामुलांना उपाशी ठेवणे न्याय्य नाही, हा त्यामागचा सरळ विचार. याच आयोगाच्या शिफारशीवरून झालेल्या १९३८ च्या कायद्याने वर सांगितलेल्या पहिल्या दोन ढालींचाही जोर काढून घेतला.

हक्क कागदावर असला तरी तो मागायला कोणीतरी पाठीशी लागते. म्हणून जोशी यांनी १ मार्च १९२१ रोजी कामगार संघांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. तो मंजूर झाला आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. सगळेच प्रयत्न मात्र फळले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेले बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांतात तसा कायदा १९२९ मध्ये झाला. जोशी यांचा मार्ग फार सबुरीचा आहे, अशी टीका डाव्या पुढाऱ्यांनी केली आणि १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात संघटना फुटली. पुढे ती पुन्हा जोडली गेली आणि जोशी तिचे सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी ते वारले. मुंबईतला जुना डिलाईल रोड आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो.

कारखान्यातून घरात

जोशी यांच्या काळात वीज मुख्यतः कारखान्यात होती. आज ती घराघरांत आहे आणि तोच प्रश्न घरात आला आहे. भिजलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडण्यास याहून बराच कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच घरातले गळती-प्रवाह रोधक साधन ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडते. रायगडच्या किनाऱ्यावर हवा खारी आणि दमट. अर्थिंगच्या तारा गंजतात, जोड सैल होतात. तेथे हे साधन आणि अर्थिंगची वेळच्या वेळी तपासणी दोन्ही हवीत.

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने आयएसआय चिन्ह देण्याची सोय झाली. बरीच वर्षे हे चिन्ह घेणे बहुतेक वस्तूंबाबत उत्पादकाच्या इच्छेवर होते. २००३ च्या आदेशाने इस्त्री, पाणी तापवण्याची कांडी, बटणे, तारा अशा अनेक विद्युत वस्तूंना ते सक्तीचे झाले. येथेही जबाबदारी वापरणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे सरकली. प्लगच्या तिसऱ्या पिनेमागे आणि १९२३ च्या कायद्यामागे जे तत्त्व होते, तेच हे.

१९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. तरीही कंत्राटदाराने रोजावर आणलेला वायरमन रबरी हातमोज्यांशिवाय खांबावर चढलेला दिसतोच. तो पडला की आपण पटकन म्हणतो, ‘त्याने काळजी घ्यायला हवी होती.’

वर्गात हे करून पाहा. वर दिलेल्या टक्क्यांवरून विद्यार्थ्यांना भरपाईची दोन-तीन गणिते घाला. घरातल्या विद्युत वस्तूंवर आयएसआय चिन्ह आहे का, प्लगला तिसरी पिन आहे का, याची नोंद त्यांना करून आणू द्या. पाहणी फक्त डोळ्यांनी, वस्तू न उघडता. आणि वर्तमानपत्रात शॉक लागून मृत्यू झाल्याची बातमी आली, तर ‘चूक कोणाची?’ याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला शिकवा. ही चूक जिवावर बेतणार नाही अशी व्यवस्था कोणी करायला हवी होती? आणि मागे राहिलेल्या कुटुंबाची जबाबदारी आता कोणावर आहे?