बखर आणि अस्सल कागद : ताथवड्यातील जुनी मोटार कशी वाचावी?

१/ ताथवडे. मुंबई–बंगळूरु महामार्गालगतचे हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. पशुसंवर्धन विभागाच्या वळू माता प्रक्षेत्राचे हे गाव आज उंच इमारतींनी वेढले आहे आणि त्यांच्या वाहनतळांत पिंपरी व चाकण येथे घडलेल्या मोटारी उभ्या आहेत. त्यांतील अनेक मोटारींनी दोन-तीन मालक पाहिले आहेत.

२/ शेजारच्या हिंजवडीत नोकरी करणारा मोटारवेडा तरुण जुनी गाडी घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन प्रश्न असतात. गाडी कोणती घ्यावी? टायर कोणते घालावेत? वळणावर ती रस्ता धरून राहावी म्हणून काय बदलावे? हे प्रश्न यंत्रशास्त्राचे वाटतात. त्यांच्या आधीचा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे : या गाडीविषयी जे सांगितले जाते, ते खरे कशावरून?

३/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी बखरींना हाच प्रश्न विचारला. बखर बहुधा घटनेनंतर, ऐकीव माहितीवर लिहिली जाते. तिच्यात सन चुकतात, आकडे फुगतात. पत्र वा हिशेब त्या त्या वेळी, कामापुरता लिहिलेला असतो. म्हणून अस्सल कागदाचे वजन अधिक. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे काम याच निष्ठेवर उभे राहिले.

४/ जुन्या मोटारींच्या बाजारातही ही दोन्ही साधने असतात. ‘एकाच हातची’, ‘डॉक्टरांनी वापरलेली’, ‘फक्त ऑफिसला नेलेली’ ही झाली बखर. सर्व्हिसच्या नोंदी, आरसी, विम्याचे कागद आणि टायरच्या कडेवरचा शिक्का हे अस्सल कागद.

५/ निवडीचा हा प्रश्न फार जुना नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व ‘पद्मिनी’ बाहेर पडू लागल्या. परवाना-पद्धतीच्या काळात मात्र उत्पादन मर्यादित होते आणि मागणी मोठी. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसत. त्यामुळे तत्काळ हाती येणारे जुने वाहन कित्येकदा नव्याच्या ठरलेल्या किमतीहून महाग विकले जाई. त्या काळी मिळेल तेच घ्यायचे असे.

६/ पद्मिनीला मागे पाटे होते आणि तिची मागची चाके गाडी ओढत. जी मिळे तीच बहुतेकांची गाडी, जे मिळत तेच तिचे टायर. अशा काळात ‘हाताळणी’ हा चर्चेचा विषय होणे कठीणच होते. मोटारवेडाला निवडीचा अवकाश लागतो आणि तो याच औद्योगिक पट्ट्याने पुढे मिळवून दिला.

७/ सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने १९६६ साली पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्याचा पाया घातला. तेथूनच डिसेंबर १९९८ मध्ये ‘इंडिका’ आली : १४०५ घनसेंमीचे डिझेल इंजिन आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. पहिल्या ग्राहकांच्या तक्रारींनंतर बरेच फेरबदल करून २००१ साली ‘इंडिका व्ही २’ बाजारात आली. नाव तेच राहिले, गाडी बदलली.

८/ ग्रंथसंपादक याला पाठभेद म्हणतो. एकाच पोथीच्या दोन प्रती सारख्या नसतात, तसेच एकाच नावाच्या दोन गाड्याही. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला आणि वर्षअखेरीस तेथे ‘पोलो’ बनू लागली. २०१० साली तिची भारतात शर्यतमालाही सुरू झाली. २०१३ च्या ‘जीटी टीएसआय’मध्ये १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. २०२० नंतरच्या टीएसआयमध्ये १ लिटरचे तीन सिलिंडरचे. नुसते ‘पोलो टीएसआय’ म्हणणे म्हणजे प्रत न सांगता पोथीचा हवाला देणे.

९/ इंडिकाचे उत्पादन २०१८ साली थांबले, भारतातील पोलोचे २०२२ साली. या दोन्ही गाड्या आता केवळ जुन्याच मिळतात. कारखाना नवी प्रत काढणार नाही. उरलेल्या प्रतींतून चांगली कोणती, एवढेच ठरवायचे आहे.

१०/ येथे टायर साक्षीला येतो. धावणाऱ्या गाडीचा रस्त्याशी संबंध चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. इंजिनाची ताकद, ब्रेक, स्टिअरिंग, सारे या चार तळहातांतूनच रस्त्यावर उतरते. मिशेलिनने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा स्पर्श वळणावरही टिकवून धरणे सोपे झाले. भारतात रेडियल टायर सत्तरच्या दशकात बनू लागले.

११/ टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक म्हणजे जन्मतिथी : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. हा शिक्का टायर घडताना साच्यातच उमटतो. पुढे ती गाडी कोणाला विकली जाणार, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच तो विश्वासार्ह.

१२/ २०१६ ची गाडी ‘केवळ २२,००० किलोमीटर चाललेली’ म्हणून दाखवली जाते आणि चारही टायरांवर २०२० चा एकच आठवडा असतो. इतक्या कमी अंतरात चारही टायर का बदलले? उत्तर निरुपद्रवी असू शकते : मालकाने हौसेने रुंद टायर घातले असतील. पण प्रश्न उभा राहिला आणि आता सर्व्हिसच्या नोंदी मागणे भाग आहे. एका कागदावर निकाल देऊ नये, दुसऱ्याशी ताडून पाहावे.

१३/ डिकीतली स्टेपनी विसरू नये. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तेथे जादा चाकांचा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचे नाव आपल्या भाषेत चाकाचे नाव झाले. स्टेपनी पुष्कळदा गाडीबरोबर आलेली मूळचीच असते. तिच्यावरील तारीख गाडीच्या निर्मितीच्या जवळपास असेल, तर ती जुनी, न हललेली साक्षीदार होय.

१४/ झिजण्याची तऱ्हाही वाचता येते. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी ठेवली जात होती. मधला पट्टा झिजला, तर जास्त. एकच कड झिजली, तर चाकांचे कोन बिघडले आहेत : अलाइनमेंट, सैल झालेले बुश किंवा जुना अपघात. नक्षीत खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले आहेत. बिघडलेले सस्पेन्शन आपली कैफियत टायरवरच लिहून ठेवते.

१५/ आणि किलोमीटरचा आकडा? तो तर बखरकाराइतकाच सांभाळून वाचावा. त्यात हातचलाखी होते, हे सर्वज्ञात आहे. पण हात न लावताही तो चुकतो. १८५/६० आर १५ या टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर, तर १९५/६० आर १५ चा ६१५. गाडीचे मापक चाकाचे फेरे मोजते. मोठा टायर घातला, की प्रत्यक्ष १,००,००० किलोमीटरला ते सुमारे ९८,००० दाखवते. वेगाचा आकडाही त्याच प्रमाणात कमी दिसतो.

१६/ हौसेची मर्यादा कायद्यानेही आखली आहे. निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून उथळ झालेली चालत नाही, कारण नक्षीच्या खोबणीतूनच पाणी बाहेर पडते. ती उरली नाही, तर पावसात टायर पाण्यावर तरंगू लागतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायरांची तपासणीही सुरू केली.

१७/ १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणीचा नियम लागू झाला. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात गेल्याची सूचना परिवहन कार्यालयाला द्यायची आणि तिच्या फेऱ्यांची नोंद ठेवायची. दोन मालकांमधला जो काळ पूर्वी अंधारात राही, त्याचाही आता कागद होऊ लागला.

१८/ यातून क्रम ठरतो. आधी गाडीची प्रत निश्चित करावी. मग बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि अलाइनमेंट मूळपदावर आणावे. त्यानंतर योग्य मापाचे, ताज्या तारखेचे चार टायर. गाडी खाली बसवणारी स्प्रिंग हा विचार शेवटचा, कारण सैल बुशवर कडक स्प्रिंग म्हणजे पडक्या भिंतीला नवा रंग. अनेक जण उलट चालतात : सारे पैसे गाडीच्या नावावर संपतात आणि जुने, टणक झालेले टायर ‘पुढच्या वर्षी बदलू’ म्हणून तसेच राहतात.

१९/ ताथवड्याहून द्रुतगती मार्गाचे टोक काही किलोमीटरवर आहे. जुलैच्या पावसात त्या मार्गावर बखर उपयोगी पडत नाही. गाडी ‘एकाच हातची’ होती की नाही, हे ओला रस्ता विचारत नाही; चार तळहातांत पकड आहे की नाही, एवढेच तो तपासतो.

२०/ राजवाडे अस्सल कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले. जुनी गाडी घेणाऱ्याला तितके हिंडावे लागत नाही. मोबाइलचा दिवा लावून चाकाशी बसायचे आणि पाचही टायरांवरचे चार अंक वहीत उतरवून घ्यायचे. किमतीची बोलणी त्यानंतर.