झाडलेल्या गोळीचे पुढे काय होते?

युद्धाच्या इतिहासात गोळी सुटते, माणूस पडतो आणि आपले लक्ष त्या माणसाकडे जाते. ते योग्यच आहे. पण गोळीचे पुढे काय होते? दारू जळून धूर होते. शिसे जळत नाही. ते मातीत, लाकडात, कधी हाडात जाऊन बसते. चेपते, वाकते, पण वजन बहुतेक तेवढेच राहते. आणि 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लाकडाचा साधा जाळ पुरतो. लोखंडाला भट्टी लागते, भाता लागतो. शिशाला चूल चालते. म्हणून झाडलेली गोळी वेचून पुन्हा ओतता येते. अमेरिकेत हे किती आणि कसे झाले, ते आज बघू.

सप्टेंबर 1778. केंटकीतल्या बून्सबरो या लाकडी ओंडक्यांच्या गढीला शॉनी लोकांनी ब्लॅकफिश या नेत्याच्या हाताखाली वेढा घातला. त्यांना मदत होती डेट्रॉइटच्या ब्रिटिशांची. आत डॅनियल बून आणि लढू शकणारी साठेक माणसे. दहा-अकरा दिवसांनी वेढा उठला. 1784 मध्ये जॉन फिल्सनने बूनच्या तोंडी घातलेली जी हकिगत छापली, तिच्यात एक तपशील आहे: शत्रू गेल्यावर गढीच्या लोकांनी 125 पौंड वजनाच्या गोळ्या वेचल्या, ओंडक्यांत रुतल्या त्या वेगळ्याच. त्या काळच्या लांब बंदुकीच्या एका पौंडात 40 ते 60 गोळ्या बसत. म्हणजे हिशेब करा, पाच हजारांच्या वर गोळ्या झाल्या! डोंगरांपलीकडून घोड्याच्या पाठीवर शिसे आणावे लागे तिथे ही मोठीच मिळकत. शॉनींना ते शिसे ब्रिटिशांच्या साठ्यातून मिळाले होते. आता ते बूनच्या लोकांच्या साच्यात जाणार होते, पुन्हा शॉनींवरच झाडायला.

काम अवघड नव्हते. लोखंडी भांड्यात शिसे वितळवायचे, वर आलेली मळी पळीने काढायची आणि चिमट्यासारख्या दोन पाकळ्यांच्या साच्यात ओतायचे. एक पथ्य मात्र कडक: वेचलेली गोळी कोरडी हवी. ओलसर गोळी वितळलेल्या शिशात पडली तर पाण्याची एकदम वाफ होते आणि रस अंगावर उडतो. हे काम पुष्कळदा बायका-मुलांकडे असे. 1776 मध्ये न्यूयॉर्कमधला तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा पाडून त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला नेले. तिथे झालेल्या 42,088 गोळ्यांचा हिशेब ऑलिव्हर वोल्कॉटच्या कागदांत आहे. त्याच्या मुलीच्या, लॉराच्या नावावर 8,378 आणि लहान फ्रेडरिकच्या नावावर 936. शिसे शरीराला, त्यातही मुलांच्या, किती बाधते हे त्या घरात कोणाला ठाऊक असणार!

अमेरिकन यादवी युद्धात हेच काम सैन्याच्या पातळीवर गेले. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या नाकेबंदीत, मुख्य भिस्त व्हर्जिनियातल्या वाइथ काउंटीच्या खाणीवर. मग पाण्याचे नळ उपसले, खिडक्यांची वजने काढली आणि रणांगणे वेचली. मे 1864 मध्ये स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईनंतर तिथून 1,20,000 पौंडांहून अधिक शिसे गोळा केले, रिचमंडला ओतले आणि त्याच वर्षीच्या मोहिमेत पुन्हा झाडले, अशी दक्षिणेच्या बाजूची नोंद आहे. पौंडाला 14 गोळ्या धरल्या तरी हा आकडा सोळा लाखांच्या पुढे जातो. त्याच लढाईत, 12 मे रोजी, 22 इंच व्यासाचे एक ओकचे झाड केवळ बंदुकीच्या गोळ्यांनी तुटून पडले. त्याचे खोड आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, म्हणून घट आणि मृत्तिकेचा आपल्याकडचा जुना दाखला आठवल्याशिवाय राहत नाही. घट फुटला तरी माती राहते, नाव-रूप तेवढे जाते. वेदान्त्याला यात समाधान आहे. इतिहासकाराची मात्र पंचाईत होते, कारण त्याला हवे असते ते नाव-रूपच! चेपलेली गोळी कुठे पडली, कोणत्या दिशेने आली, कोणत्या बंदुकीतली, हे सगळे भांड्यात विरघळते. बून्सबरोचे 125 पौंड आपल्याला जिंकलेल्यांच्या हकिगतीतूनच कळतात. शॉनी कुठे उभे होते हे सांगू शकणाऱ्या गोळ्या वितळून गेल्या.

याच्या उलट उदाहरण मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नचे. 25 जून 1876 रोजी तिथे लाकोटा, शायेन आणि त्यांच्या मित्रांनी कस्टरची तुकडी संपवली. मूळ रहिवाशांच्या साक्षी होत्या, पण गोऱ्या इतिहासकारांनी त्या पुष्कळशा बाजूला सारल्या. लोकांना हवा होता अखेरपर्यंत फळी धरून लढणारा वीर. हौशी लोकांनी तिथल्या वस्तू उचलल्या, तरी शिसे ओतायला रान कोणी पद्धतशीर वेचले नव्हते. ऑगस्ट 1983 मध्ये वणवा लागला, गवत जळाले. 1984 पासून डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक यंत्रे घेतलेल्या स्वयंसेवकांना ओळीने चालवले. प्रत्येक गोळी, प्रत्येक पुंगळी जागच्या जागी नकाशावर घेतली. पुंगळीवरच्या खुणांवरून एकेक बंदूक कुठून कुठे सरकली ते काढता आले. हेन्री आणि विंचेस्टर या भराभर झाडता येणाऱ्या रायफली लाकोटा-शायेनांच्या बाजूला होत्या, आणि कस्टरच्या सैनिकांची फळी बऱ्याच ठिकाणी लवकरच विस्कटली होती. लाकोटा आणि शायेन म्हातारे त्यांच्या साक्षींत साधारण हेच सांगत आले होते.