नमस्कार कोणी करायचा?

'नमस्कार!' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा म्हणतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. जिना उतरताना शेजारी भेटले, नमस्कार. दुधाच्या केंद्रावर जुने ओळखीचे दिसले, नमस्कार. सकाळी मोबाइल उघडला की हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागलेली असते. या शब्दाइतका निरुपद्रवी शब्द मराठीत दुसरा नसेल, असं आपल्याला वाटतं. पण वाचकहो, हा शब्द उच्चारायला मुंबईत एका जातीला सरकारी ठरावाने बंदी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मी शाळेत तीसेक वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहासाच्या पुस्तकात 1779 हे साल यायचं ते वडगावच्या लढाईसाठी. जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला वडगावला कोंडीत पकडलं आणि तहावर सही करायला लावली. मुलांना हा धडा फार आवडे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईत काय झालं ते मात्र धड्यात नव्हतं. मुंबईच्या इंग्रज सरकारने 28 जुलैला एक ठराव केला. सोनार लोक 'नमस्कार' म्हणतात, तो म्हणण्याचा त्यांना अधिकार नाही अशी ब्राह्मणांची तक्रार आहे, पेशव्यांनीही याबद्दल अनेकदा लिहिलं आहे, तेव्हा सोनारांनी इथून पुढे हा प्रकार बंद करावा, असा त्याचा आशय.

त्यातली खरी गंमत (गंमत म्हणायची तर) पुढे आहे. इंग्रजांनी कारण काय दिलं? या बाबतीत कंपनीच्या हिताचा काही प्रश्न नाही, तेव्हा हा निर्णय पेशव्यांना खूश करण्यासाठी दिला असं त्यांना कळवावं! म्हणजे एका संपूर्ण जातीच्या तोंडचा शब्द काढून घेतला, तो दोन सरकारांमधल्या शिष्टाचाराची भेट म्हणून. लढाई चालू होती, तोफा गाडल्या-उकरल्या जात होत्या, पण नमस्काराच्या बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत. आणि ज्यांना खूश करायचं ते पेशवे कोण? सवाई माधवराव, वय वर्षं पाच. अर्थात कारभार बारभाईंचा आणि नाना फडणवीसांचा होता, हे आपल्याला माहीत आहेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा ठराव आपल्या लेखनात उद्धृत केला आहे, म्हणून तो आपल्यासारख्यांच्या नजरेस पडतो. नाहीतर दप्तरातला एक कागद म्हणून पडून राहिला असता.

सोनारांची एकट्याचीच ही कथा नव्हती. त्याआधी सहासात वर्षं, नारायणराव पेशव्यांच्या अल्प कारकिर्दीत (1772-73), चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंकडून नऊ कलमं लिहून घेतली गेली. वेदमंत्र म्हणणार नाही वगैरे कलमं त्यात होती, आणि एक कलम असं की ब्राह्मणांना आणि आपसांतसुद्धा 'दंडवत' म्हणू, पत्रातही तेच लिहू. आपसांतसुद्धा, हे लक्षात घ्या. आपल्याच भावाला पत्र लिहिताना कोणता शब्द घालायचा, हे दुसऱ्याने ठरवायचं. ज्या जातीत बाजीप्रभू झाले, ज्या जातीच्या लेखणीवर राज्याची दप्तरं चालली, तिच्यावर ही पाळी. अशा जातीय वादांना तेव्हा 'ग्रामण्य' म्हणत. प्रबोधनकार ठाकरे यांनी 1919 साली 'ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास' लिहिला, तो या सगळ्या संतापातूनच.

आता कुणी म्हणेल, एका शब्दावरून एवढं भांडण? दंडवत म्हटलं काय नि नमस्कार म्हटलं काय, अर्थ तर वाकण्याचाच. किंबहुना दंडवतात तर माणूस अख्खा आडवा होतो! पण भांडण अर्थाचं नव्हतंच. नमस्कार हा बरोबरीच्याने बरोबरीच्याला किंवा लहानाने थोराला करायचा, आणि 'लहान' कोण हे वयावरून ठरावं की जन्मावरून, एवढाच काय तो मुद्दा होता. महानुभाव पंथात सगळेच एकमेकांना 'दंडवत प्रणाम' म्हणतात. तिथे तो शब्द कुणाला बोचत नाही, कारण तो दोन्हीकडून येतो. प्रभूंकडून जो दंडवत मागितला होता तो एकाच दिशेने जाणारा होता.

जुनी पत्रं वाचणाऱ्याला ही दिशा पहिल्या ओळीतच कळते. कागदावर वर 'श्री', मग मायना. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' आलं की समजावं माणूस मोठा. विद्वान ब्राह्मण असेल तर 'वेदशास्त्रसंपन्न'. खालचा वरच्याला लिहीत असेल तर शेवटी 'हे विज्ञापना', वरचा खालच्याला लिहीत असेल तर नुसतं 'जाणिजे'. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस छोटी मुद्रा असते, 'मर्यादेयं विराजते'. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी काही घुसडू नये, एवढाच तिचा कामापुरता अर्थ. पण मला ते दोन शब्द वाचताना नेहमी वाटतं की सगळ्या पत्रव्यवहाराचं सार त्यात आहे. मर्यादा कुठे आहे ती आधी सांगा, मग मजकूर.

आमच्या पिढीने या मायन्यांचं शेपूट पाहिलं. 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' हे आम्ही घोकून पाठ केलं. स्वतःच्या वडिलांना 'तीर्थरूप' आणि दुसऱ्याच्या वडिलांना 'तीर्थस्वरूप', यात चूक झाली तर गुण जात. धाकट्याला 'चि.' आणि 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. बाईचं नाव लिहायचं तर 'सौ.', आणि नवरा गेला की दुसऱ्या दिवसापासून 'गं. भा.' पोस्टकार्ड उघडंच असतं. पोस्टमनपासून सगळ्या आळीने ते वाचावं आणि बाईची अवस्था जाणून घ्यावी, अशी सोय. ऐकायला 'गंगाभागीरथी' किती पवित्र! एप्रिल 2023 मध्ये विधवांसाठी हाच शब्द सरकारी पातळीवर सुचवला गेला होता. टीका झाली तेव्हा, हा निर्णय नाही, फक्त चर्चेसाठी आहे असा खुलासा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. खेडं पुढे आणि शब्द मागे, असं कधी कधी होतं. असो.

आता ज्यांच्यासाठी नमस्काराचा प्रश्नच उद्भवू दिला नव्हता, त्यांच्याकडे वळू. महारांनी म्हणायचं ते 'जोहार'. संत चोखोबांच्या अभंगात तो आहे, एकनाथ महाराजांच्या भारुडांत तो आहे. नाथांनी महाराच्या तोंडून ब्रह्मज्ञान सांगितलं, हे त्यांचं मोठेपण. पण रोजच्या गावगाड्यात जोहार हा नोकरीचा भाग होता. वेसकराने वाड्याशी यायचं, पायरीखाली उभं राहायचं, वाकून जोहार घालायचा आणि निरोप सांगायचा किंवा घ्यायचा.

मी हे पाहिलेलं आहे. 1958-59 ची गोष्ट असावी, मी सातआठ वर्षांचा. आमच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ यायचे. 'जोहार, मायबाप' म्हणायचे. आजोबा झोपाळ्यावरून 'हं' म्हणायचे. या 'जोहार'ला उलट उत्तर जोहार असं कधी मिळत नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं, कारण आम्हा मुलांना कुणी नमस्कार केला की उलट नमस्कार कर म्हणून धपाटा बसायचा. एकदा त्या म्हाताऱ्यांऐवजी त्यांचा मुलगा आला. मुंबईला गिरणीत होता, पाटलोण घातलेली. पायरीखाली नाही, अंगणाच्या मध्यावर उभा राहिला आणि म्हणाला, 'जय भीम, आण्णा.' आवाज चढा नव्हता, उद्धटपणा तर मुळीच नव्हता. आजोबांचा झोपाळा थांबला. ते काही बोलले नाहीत. आजीने आतून विचारलं, 'काय म्हणाला तो?' तिलाही कुणी उत्तर दिलं नाही. त्यानंतर म्हातारे पुन्हा येऊ लागले, पण तेही बदलले होते. ते आता 'रामराम' म्हणायचे. जोहारही नाही, जय भीमही नाही. आणि रामरामला आजोबांना 'रामराम' म्हणावंच लागायचं! शेतकरी एकमेकांना म्हणत तोच तो शब्द, पण त्या अंगणात तो पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी ऐकू आला.

या बदलामागचं मला पुढे वाचून कळलं. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला जमलेल्या लोकांना सांगितलं होतं की स्वाभिमानाला बाधा आणणाऱ्या चालीरीती टाका. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचं विधेयक त्यांनी मांडलं. जोहार ज्या वतनाच्या खुंट्याला बांधलेला होता तो खुंटाच उपटायचा, असा हा विचार. ती कनिष्ठ वतनं शेवटी कायद्याने गेली ती 1959 मध्ये, म्हणजे आमच्या अंगणातल्या त्या प्रसंगाच्या आसपासच. 'जय भीम' या अभिवादनाचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. 1904 चा जन्म, 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले, आणि 1939 मध्ये वयाच्या पस्तिशीत गेले. मुसलमान बांधव 'सलाम आलेकुम'ला 'वालेकुम सलाम' असं उत्तर देतात, ते पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. 'जय भीम'ला उत्तर 'बल भीम' असावं अशी मूळ कल्पना होती म्हणे. ते उत्तर टिकलं नाही. 'जय भीम'ला 'जय भीम' हेच उत्तर रूढ झालं. लोकांनी कल्पना घेतली आणि तिच्यात स्वतःच सुधारणा केली. तुम्ही जे म्हणाल तेच मी म्हणेन, यापेक्षा वेगळं उत्तर त्यांना नकोच होतं.

शब्दांचं नशीब मात्र विचित्र असतं. आपल्याकडे ज्याने मान खाली घालायला लावली तोच 'जोहार' झारखंड-छत्तीसगडकडे आदिवासी समाज अभिमानाने, मान वर करून म्हणतो. तिथे तो एकमेकांना म्हणायचा आहे. शब्द एक, पण इथे त्याला उत्तर नव्हतं, तिथे आहे.

पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, हुद्दा न बघता दोघेही एकाच वेळी वाकतात, कधी कधी डोकी आपटतात. नमस्काराचा हा सगळ्यांत सुंदर प्रकार, असं माझं मत आहे. पण त्याच पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि मंदिराचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं होतं. वाटेवर बरोबरी आणि दाराशी अडवणूक, हे दोन्ही शतकानुशतकं एकाच गावात नांदलं.

स्वातंत्र्यानंतर 'रा. रा.' जाऊन सरसकट 'श्री.' आलं, शाळेत 'एक साथ नमस्ते' आलं. वर्गात चाळीस मुलं एका सुरात म्हणायची तेव्हा त्यात कोण कुणाचा हे ओळखू येत नसे. मला ते फार आवडायचं, उच्चार कितीही बेसूर असला तरी. मग हळूहळू पुन्हा फाटे फुटले. कुणी 'जय महाराष्ट्र', कुणी 'जय जिजाऊ', कुणी 'जय श्रीराम', कुणी 'जय भीम'. गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी डोकावलं की कोण कुठल्या गोटातला हे पहिल्या शब्दावरून समजतं. पेशवाईत मायना दुसरा ठरवून देत असे, आता आपापला मायना आपण निवडतो, हा फरक मी लहान मानत नाही. तरी एक निरीक्षण सांगतो. त्या गटावर एकाच्या 'जय' ला दुसरा आपल्या 'जय' ने उत्तर देतो, समोरच्याचा शब्द उच्चारत नाही. हात जोडलेलं चित्र तेवढं सगळे वापरतात, कदाचित त्याला आवाज नाही म्हणून.

सरकारलाही अजून हा विषय सोडवत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात, गांधी जयंतीच्या मुहूर्तावर, महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की फोनवर 'हॅलो' ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं. त्यावर बाजूने-विरुद्ध बरीच चर्चा झाली, पर्यायी शब्दही सुचवले गेले. त्यानंतर काही महिन्यांनी पेन्शनच्या एका कागदासाठी मी एका कचेरीत फोन लावला. काय ऐकू येतं याची मला जरा उत्सुकताच होती. फोन बराच वेळ वाजला, मग कुणीतरी उचलला आणि म्हणाला, 'हां, बोला.'

मी म्हटलं, 'नमस्कार.'

'हां हां, नमस्कार नमस्कार,' तो म्हणाला, 'बोला, काय काम होतं?'