कानासाठी लिहिणे : एक वारसा आणि एक इशारा

डोळ्यांसाठी लिहिणे वेगळे आणि कानांसाठी लिहिणे वेगळे. वाक्य उमगले नाही तर वाचक थांबतो, ते पुन्हा वाचतो. श्रोता मात्र सहसा मागे वळत नाही; कामे करता करता तो ऐकत असतो. तेव्हा एका वाक्यात एकच विचार हवा, आकडे मोजके हवेत, महत्त्वाचे नाव पुन्हा घ्यायला हवे. आज आमच्या धर्मग्रामांतील तरुण ‘पॉडकास्ट’ करू पाहतात. हे शास्त्र कोठून आले ते त्यांना ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते.

१९२७ साली हिल्डा मॅथेसन बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालिका झाल्या. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. सभा गाजवावी तसे ध्वनिक्षेपकापुढे बोलणे व्यर्थ आहे, हे मॅथेसनबाईंनी ओळखले. श्रोता सभागृहात नसून आपल्या घरात बसलेला असतो. बोलणारा आपल्याशीच बोलतो आहे, असे त्याला वाटले पाहिजे. म्हणून लेख आधी लिहून घ्यावा, पण तो बोलीच्या वळणाने लिहावा आणि त्याची तालीम करावी, असा त्यांचा आग्रह असे.

या रीतीचे सामर्थ्य अमेरिकेत १९३३ साली दिसले. बँका बुडत होत्या, लोक ठेवी काढून घेत होते. सरकारने सर्व बँका बंद ठेवल्या. १२ मार्चच्या रात्री अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलले. ठेवीचे पैसे बँक कसे गुंतवते, येथपासून त्यांनी साध्या शब्दांत समजावले. दुसऱ्या दिवशी बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या आणि लोक पैसे परत भरण्यासाठी रांगेत उभे राहिले.

परंतु याच इतिहासाचे दुसरे पान आमच्या धर्मगुरुवर्गाला खाली मान घालायला लावणारे आहे. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक येथील फादर चार्ल्स कॉग्लिन १९२६ पासून रेडिओवर बोलू लागले. प्रारंभी बालकांसाठी धर्मशिक्षण, पुढे मंदीत होरपळलेल्या कामगारांची बाजू. आवाज मधुर, शैली घरगुती. लक्षावधी घरांत ते पाहुणे झाले. हळूहळू त्या आवाजात यहुदीद्वेष शिरला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत यहुदी प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तेव्हा कॉग्लिन यांनी त्या अत्याचारालाच कारणे शोधून दिली. १९४० मध्ये त्यांचे प्रसारण थांबले. १९४२ मध्ये आर्चबिशप मूनी यांनी त्यांना राजकीय कार्य सोडण्यास भाग पाडले. पण तोवर विष कानोकानी गेले होते.

कौशल्य तेच, जिव्हाळा तोच. फरक होता तो सत्यनिष्ठेचा. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली प्रथम छापला गेला. त्यानंतर प्रसारणासाठी केंद्र लागेनासे झाले आणि संपादकाचा पहाराही उठला. शिवाय आजचा श्रोता कानातच यंत्र घालतो. आवाज घराच्याही आत, थेट मनापाशी पोहोचतो. म्हणून आमच्या तरुणांनी मॅथेसनबाईंकडून शैली शिकावी, पण कॉग्लिन यांचे स्मरण ठेवावे. लेख लिहून झाला की तो मोठ्याने वाचावा. जीभ अडखळेल तेथे वाक्य सुधारावे. सदसद्विवेक अडखळेल तेथे मात्र ते वाक्य खोडून टाकावे.