जाळ्यावरील वाहतूक : मोजणी आणि आकारणी

वैजापूर तालुक्यांतील शेतकऱ्यास मोजणी म्हणजे काय आणि आकारणी म्हणजे काय, हें निराळें शिकवावें लागत नाहीं. नांदूर-मधमेश्वरहून येणाऱ्या कालव्याचें पाणी शेतांत उतरलें, कीं त्याचा हिशेब दोन रीतींनीं होऊं शकतो. जुनी रीत अशी कीं, पीक कोणतें आणि क्षेत्र किती एवढें पाहून पाणीपट्टी बसवावयाची. प्रत्यक्ष पाणी किती वाहिलें याची चौकशी नाहीं. दुसरी रीत घनमापनाची : पाणी वापर संस्थेच्या मुखाशीं मापयंत्र बसवून जितकें पाणी घेतलें तितक्याचेच पैसे. महाराष्ट्रांत २००५ सालच्या कायद्यानें या रीतीस आधार दिला. नाशिककडील वाघाड प्रकल्पांत ती त्यापूर्वींच रुजली होती. पहिल्या रीतींत उधळपट्टीस मोकळीक, तर दुसरींत सारी भिस्त मापावर आणि माप वाचणारावर. तार, दूरध्वनि आणि इंटरनेट यांच्या इतिहासांतहि हीच ओढाताण पहावयास मिळते.

तारेचा काळ घ्यावा. हिंदुस्थानांत सरकारी तार सर्वसामान्य जनतेस १८५५ सालीं खुली झाली. सोळा शब्दांचा संदेश चारशें मैलांपर्यंत धाडण्यास त्या वेळीं एक रुपया पडे. येथें मापयंत्र म्हणजे तारमास्तर स्वतः. तो शब्द मोजी आणि पैसे घेई. हें माप वापरण्यास जितकें सोपें, तितकेंच चुकविण्यासहि सोपें. दर शब्दावर आहे ना, मग एका शब्दांत सबंध वाक्य कोंबावें, अशी युक्ति व्यापाऱ्यांनीं काढली, आणि सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोश बाजारांत आले. भाव उतरला आहे, विक्री थांबवा, पुढील सूचनेची वाट पहा, एवढा मजकूर एका निरर्थक शब्दांत मावूं लागला. तारखात्यांनीं आंतरराष्ट्रीय परिषदा भरवून शब्दाची व्याख्या ठरविली. १९०३ सालच्या लंडन परिषदेनें, उच्चारतां येईल असा दहा अक्षरांपर्यंतचा कृत्रिम शब्द एक शब्द म्हणून मान्य केला. त्यावर १९०६ मध्यें बेंटलीचा कोश निघाला, त्यांतील संकेत पांच-पांच रोमन अक्षरांचे! दोन संकेत जोडले कीं दहा अक्षरें पुरीं, आणि दाम मात्र एकाच शब्दाचा.

वैजापूरकरांचें रेल्वे स्थानक रोटेगांव. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर पूर्वीं मीटरगेजच्या गाड्या धांवत, तेव्हां मालाचा हिशेब वजन आणि अंतर यांवर होई. धान्याच्या पोत्यास वजन असतें; तें कांट्यावर लपवितां येत नाहीं. संदेशास वजन नाहीं, सारी अडचण तेथेंच आहे.

दूरध्वनीनें शब्द सोडून वेळ मोजण्यास घेतला. कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान १९६० सालीं ग्राहकानें स्वतःच नंबर फिरवून परगांवीं बोलण्याची, म्हणजे एसटीडीची, सोय झाली. प्रत्येक ग्राहकाच्या नांवें एक्स्चेंजमध्यें एक लहानसें मीटर असे, आणि बोलणें चालूं असतां त्यावर ठराविक अवधीनें ठोका पडे. अंतर जितकें लांब, तितके ठोके दाट. या मीटरची स्मरणशक्ति फार तोकडी होती. एकूण ठोके किती हें त्यास ठाऊक; कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, किती वेळ, हें मुळींच ठाऊक नसे. बिल अवाच्या सवा आलें, तर तक्रार करणारापाशीं पुरावा नसे आणि तें नाकारणारापाशींहि नसे. सवलतीच्या दरासाठीं रात्रीं पीसीओपुढें रांगा लागत, हा त्याच मापाचा परिणाम. पुढें इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर प्रत्येक संभाषणाची स्वतंत्र नोंद होऊं लागली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत जनतेसाठीं इंटरनेट सुरू केलें, तेव्हां आकारणी जोडणीच्या तासांवर होती. वस्तुतः या जाळ्यावर मजकुराचीं लहान लहान पाकिटें धांवतात. तास मोजणें म्हणजे पाणी न सोडतां पाटाचें भाडें घेणें होय. पाकिटें मोजण्याचें साधन मात्र त्यापूर्वींच निघालें होतें. १९८८ सालीं ठरविलेल्या एस. एन. एम. पी. या नियमावलीप्रमाणें राऊटर नांवाचें यंत्र आपल्या प्रत्येक तोंडाशीं आलेल्या-गेलेल्या बाइटांचा आंकडा ठेवतें, आणि दुसरें यंत्र तो विचारून घेतें. १९९४ च्या सुमारास इंग्लंडांतील लीसेस्टर येथें तोबियास एटिकर याच्या विद्यापीठास बाहेरच्या जगाशीं जोडणारी एकच ६४ किलोबिटची वाहिनी होती. तिच्यावर गर्दी किती, हें सर्वांस दिसावें म्हणून त्यानें एमआरटीजी रचलें. तें दर पांच मिनिटांनीं आंकडा विचारी आणि आलेख काढी. कॅक्टीसारखीं पुढचीं साधनें त्याच्याच आरआरडीटूलवर उभीं आहेत.

या मीटरची एक खोड जाणकारांस चांगलीच नडली. जुन्या राऊटरांतील आंकडा ४२९ कोटींच्या थोडा वर गेला कीं पुन्हा शून्यावर येई. दहा मेगाबिटची वाहिनी भरून वाहिली तर त्यास सुमारें सत्तावन मिनिटें लागत. शंभर मेगाबिटची असेल तर पावणेसहा मिनिटांहून किंचित् कमी. हजार मेगाबिटची असेल तर चौतीस सेकंद. पांच मिनिटांनीं विचारणारास मधल्या फेऱ्या कशा कळाव्या? तितका माल फुकट गेला! पुढें चौसष्ट बिटांचे आंकडे आल्यावर ही गळती थांबली. तरीहि ज्याच्या राऊटरांत जुनाच आंकडा वाचला जातो, त्याचा हिशेब आजहि चुकतो.

मोठे वाहिनीदार याच पांच मिनिटांच्या आंकड्यांवर बिल करतात. तीस दिवसांत ८६४० नोंदी होतात. त्यांतील सर्वांत मोठ्या ४३२, म्हणजे छत्तीस तासांच्या, सोडून द्यावयाच्या आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठीवर दर लावावयाचा. एखाद्या रात्रींच्या गर्दीबद्दल ग्राहकास दंड नाहीं, आणि रोजच्या गर्दीस सूटहि नाहीं. ही युक्ति न्याय्य दिसते. परंतु छत्तीस तासांची माफी ध्यानीं घेऊन आपला सारा माल तेवढ्यांतच लोटणारा ग्राहक बेंटलीचाच वारस म्हटला पाहिजे.

आंकडा 'किती' सांगतो, 'कोणाचें' सांगत नाहीं. तें सांगणारें साधन १९९६ च्या सुमारास सिस्को कंपनीचें नेटफ्लो. कोठून, कोठें, कोणत्या दारानें, किती, अशी प्रत्येक प्रवाहाची नोंद त्यांत होते. न्यूझीलंडमधील विद्यापीठांनीं अमेरिकेकडील महागडी वाहिनी परस्परांत वांटून घेतांना त्याच्याहि आधीं मापानुसार पैसे वांटले होते, आणि ऑकलंडच्या नेव्हिल ब्राउनली यांनीं त्यासाठीं नेट्रामेट नांवाचें मोफत साधन तयार केलें होतें. नेटफ्लोच्या नोंदी सामान्यतः पोंच न घेतां धाडल्या जातात. वाटेंत हरवल्या तर हरवल्या. एसफ्लो तर हजारांतून एखादेंच पाकीट उचलून पाहतें. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें, पण शितें मोजून जेवणावळीचें बिल करूं नये. गर्दीचें कारण शोधण्यास एसफ्लो उत्तम. लहान ग्राहकाची आकारणी त्यावर करणें अन्यायाचें.

तालुक्याच्या गांवीं घरोघर जोडणी देणाऱ्या व्यावसायिकास सोयीचें असें साधन म्हणजे रेडियस. ग्राहक जोडला गेल्याची आणि सुटल्याची खबर तें देतें आणि मधल्या वाहतुकीचा आंकडा त्याच्या नांवावर मांडतें. येथें पोंच घेतली जाते. ती न मिळाल्यास खबर पुन्हा धाडली जाते. मात्र वीज गेली आणि सुटल्याची खबर निघालीच नाहीं, तर जोडणी कागदोपत्रीं चालूंच राहते. म्हणून मधून मधून हिशेब कळविण्याची सोय २००० सालीं नियमांत आली. सारांश, वाहिनीची गर्दी पाहण्यास एमआरटीजी वा कॅक्टी पुरे, आकारणीस रेडियस हवें, आणि नेटफ्लो तंट्याच्या वेळीं.

नेटफ्लोविषयीं हात आखडता घेण्याचें कारण निराळें आहे. जुन्या ठोक्याच्या मीटरास ग्राहक कोणाशीं बोलला हें कळत नसे. ही त्याची उणीव होती आणि ग्राहकाचें संरक्षणहि. प्रवाहाच्या नोंदींतून घरांतील कोण केव्हां कोणत्या ठिकाणीं गेलें याचा सुगावा लागतो, आणि मग मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्याचा मोह होतो. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं भारताच्या दूरसंचार नियामकानें मजकुरानुसार भेदभावाच्या दरांस मनाई केली. रोटेगांवच्या कांट्यास पोत्यांत ज्वारी आहे कीं बाजरी हें कळत नसे. बाइटांच्या कांट्यानेंहि तसेंच राहावें, असें या मनाईनें ठरविलें. आकारणीपुरतें तें ठरलें. नोंदी किती दिवस जपाव्या आणि कोणास दाखवाव्या, हा वाद मात्र त्या कांट्यापलीकडचा आहे.