हिवाळ्यातील गळमासेमारी : इंग्लंडच्या नद्या, कालवे आणि तळी

डिसेंबरच्या उत्तरार्धात दक्षिण इंग्लंडमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो. सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारला अंधारू लागते. अशा दिवसांत, काठावरचे गवत गोठून पांढरे पडलेले असताना, नदीकाठी घडीच्या खुर्चीवर गळाची काठी घेऊन बसलेला मनुष्य दिसला, की नवख्या पाहुण्याला दोन प्रश्न पडतात. इतक्या थंडीत मासे गळाला लागतात का? आणि लागलेला मासा हा गृहस्थ पुन्हा पाण्यात का सोडून देतो? 'कोर्स फिशिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदाचे मर्म या दोन प्रश्नांच्या उत्तरांत सामावलेले आहे.

'भरड' मासे कोणते?

आपल्याकडे गहू-तांदूळ एका बाजूला आणि ज्वारी-बाजरी-नाचणी 'भरड धान्य' म्हणून दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी रूढ आहे. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील माशांची काहीशी अशीच विभागणी झाली. सामन आणि ट्राऊट हे मानाचे मासे ठरले. त्यांच्या मासेमारीचे हक्क बहुधा जमीनदारांकडे असत आणि तो खेळ खर्चिक होता. उरलेले सारे मासे 'कोर्स', म्हणजे भरड. त्यांत रोच, चब, डेस, ब्रीम, टेंच, बार्बेल व कार्प हे कार्प कुळातील मासे येतात. शिवाय पाईक आणि पर्च हे शिकारी मासेही येतात. कार्प कुळ मराठी वाचकाला परके नाही. रोहू, कटला, मृगळ आणि महसीर हे त्याच कुळातील होत.

ग्रेलिंग हा मासा या दोन्ही गटांच्या सीमेवर उभा आहे. कुळाने तो सामन-ट्राऊटचा नातेवाईक, परंतु त्याची वीण वसंत ऋतूत होत असल्याने कायद्याने त्याचा हंगाम भरड माशांबरोबर बांधलेला आहे. नदीतील ट्राऊटची मासेमारी हिवाळ्यात बंद असते, तेव्हा ग्रेलिंग ऐन भरात असतो.

कामगारांचा छंद

गळमासेमारीवरील इंग्रजीतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे आयझॅक वॉल्टन यांचा 'द कम्प्लीट अँगलर'. तो १६५३ साली प्रसिद्ध झाला. मात्र भरड माशांच्या छंदाला आजचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरांत. शेफील्डसारख्या शहरांतील कामगारांनी गुत्त्यांच्या आश्रयाने मासेमारी मंडळे काढली आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेने लिंकनशायरच्या नद्यांकडे सहली निघू लागल्या. विणीच्या काळात मासे वाचवले पाहिजेत, ही मागणीही याच गळकऱ्यांतून पुढे आली. शेफील्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांच्या पुढाकाराने १८७८ साली त्यासंबंधीचा कायदा झाला आणि भरड माशांसाठी वार्षिक बंदीकाळ ठरला.

आजही इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून असा बंदीकाळ पाळला जातो. बहुतेक तळ्यांवरील बंदी १९९५ साली आणि बहुतेक कालव्यांवरील बंदी २००० साली उठविण्यात आली. त्यामुळे नदीवर जाणाऱ्याच्या दृष्टीने हिवाळा हा हंगामाचा अखेरचा टप्पा असतो. १४ मार्चची संध्याकाळ उलटली, की पुढचे तीन महिने नदीवर गळ टाकता येत नाही.

थंडीत मासे काय करतात?

मासा शीतरक्ती प्राणी आहे. पाण्याचे तापमान तेच बहुतांशी त्याच्या शरीराचे तापमान. पाणी थंड झाले, की त्याचे पचन मंदावते, हालचाल कमी होते आणि भूकही उतरते. उन्हाळ्यात दिवसभर चरणारा मासा जानेवारीत कदाचित दिवसातून एखादा तासच तोंड उघडतो. सर्व जातींची सहनशक्ती मात्र सारखी नसते. टेंच हिवाळ्यात जवळजवळ निपचित पडून राहतो. बार्बेल व कार्प कडाक्याच्या थंडीत सुस्तावतात आणि पाणी थोडे उबदार होताच पुन्हा हालचाल करू लागतात. चब, रोच, डेस, पर्च, ग्रेलिंग आणि पाईक हे खरे हिवाळी सोबती. त्यांतही चब इतका चिवट, की काठावर बर्फ धरलेले असतानाही तो आमिष घेतो.

तापमानाच्या आकड्याइतकाच त्यातील बदल महत्त्वाचा असतो. आठवडाभर पाणी पाच अंशांवर स्थिर राहिले, तर मासे त्याला सरावतात. परंतु निरभ्र आकाशाच्या एका रात्रीत ते सातवरून चारवर घसरले, तर दुसऱ्या दिवशी हात हलवत परतावे लागण्याचीच शक्यता अधिक. याउलट नैऋत्येकडून, म्हणजे अटलांटिकवरून, वारे वाहू लागून सौम्य हवा आणि पाऊस आला, की पाणी एक-दोन अंशांनी वाढते, किंचित गढूळ होते आणि मासे चरू लागतात. वितळलेल्या बर्फाचे पाणी मात्र घातक. ते नदीला आणखी थंड करते आणि रस्त्यांवर टाकलेले मीठही वाहून आणते. म्हणूनच अनुभवी गळकऱ्याच्या पिशवीत तापमापक हमखास असतो.

नदीचे वाचन

हिवाळी नदीवर पहिला प्रश्न असतो तो जागेचा. मुख्य धारेशी झगडण्याइतकी शक्ती थंडीत माशांना परवडत नाही. ते डोहांत, वळणाच्या आतल्या बाजूला, पाण्यात झुकलेल्या झाडांखाली किंवा जिथे वेगवान धार संथ पाण्याला घासून जाते त्या रेषेवर थांबतात. पूर आलेला असेल, तर काठालगतच्या शांत खळग्यांत, अगदी पायाशीही मासे असू शकतात. पाणी नितळ आणि हवा थंड असेल, तर सूर्यास्ताच्या आगेमागे एक तास फार मोलाचा ठरतो. मोठे रोच आणि चब तेव्हाच आडोसा सोडतात.

दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या डोंगरातून उगम पावणाऱ्या नद्यांचा प्रकार थोडा निराळा. टेस्ट, इचेन किंवा हॅम्पशायरची एव्हन या नद्यांना भूगर्भातील झऱ्यांचे पाणी मिळते आणि ते वर्षभर साधारण दहा-अकरा अंशांवर असते. त्यामुळे उगमाजवळच्या भागात कडाक्याच्या थंडीतही ग्रेलिंग तरंड्याखालचे आमिष सहज घेतो.

ट्रेंट नदीची गोष्ट याहूनही बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या काठी कोळशावर चालणारी वीजकेंद्रे ओळीने उभी होती. त्यांच्यामुळे नदीचे पाणी हिवाळ्यातही उबदार राही आणि थंडीतील मासेमारी स्पर्धांसाठी ट्रेंट गाजली. ती केंद्रे एकामागून एक बंद होत गेली. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनमधील कोळशावरचे अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. नदी आपल्या मूळच्या थंडीकडे परतली आणि गळकऱ्यांना हिवाळ्याचे धडे नव्याने गिरवावे लागले.

कालवे आणि तळी

इंग्लंडचे कालवे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मालवाहतुकीसाठी खोदले गेले. ते अरुंद आणि उथळ आहेत. खोली सहसा एक ते दीड मीटर. उन्हाळ्यात पर्यटकांच्या बोटी तळाचा गाळ सतत ढवळत असतात. हिवाळ्यात वर्दळ थांबते, पाणी निवळते आणि मासे सावध होतात. मग ते नांगरलेल्या बोटींखाली, पुलांच्या सावलीत किंवा बोटी वळविण्यासाठी केलेल्या रुंद जागांत गोळा होतात. शंभर मीटर पाणी अगदी रिकामे आणि पुढच्या दहा मीटरमध्ये शेकडो रोच, असा प्रकार येथे नेहमीचा. सुमारे नोव्हेंबर ते मार्च या काळात कालव्यांची दुरुस्ती चालते. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालवे सांभाळणारी 'कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था त्यासाठी काही भाग कोरडे करते. तत्पूर्वी तेथील मासे जाळ्यांनी काढून दुसरीकडे सोडले जातात. म्हणून घरून निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

तळ्यांचे गणित पाण्याच्या एका गुणधर्मावर चालते. पाणी सुमारे चार अंशांवर सर्वाधिक जड असते. त्यामुळे पृष्ठभाग गोठला तरी तळाशी चार अंशांच्या आसपास पाणी टिकते. वाळू-खडी उपसून तयार झालेल्या खोल तळ्यांत पाईकच्या शोधात जाणारे गळकरी म्हणूनच तळाशी मेलेला मासा आमिष म्हणून ठेवतात. थंडीत पाईकही पाठलागापेक्षा आयते खाणे पसंत करतो.

आमिष व साधने

हिवाळ्याचा नियम एकच : कमी आणि बारीक. उन्हाळ्यात मूठ-मूठ फेकले जाणारे खाद्य थंडीत माशांचे पोट भरून टाकते आणि मग गळाकडे कोणी फिरकत नाही. दर काही मिनिटांनी चार-सहा अळ्या टाकणे पुरेसे. चबसाठी पावाचा तुकडा किंवा चीज मळून केलेली गोळी, पर्चसाठी मोठे गांडूळ, रोचसाठी पाव किंवा अळ्या ही पारंपरिक आमिषे आहेत. तंगूस बारीक आणि गळ लहान हवा. पाईकसाठी मात्र दातांनी तुटू नये म्हणून तारेचा तुकडा अनिवार्य.

तरंड्याखाली पूर्वी सर्रास शिशाचे मणी लावीत. ते गिळून राजहंसांना विषबाधा होऊ लागल्याने १९८७ साली लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि त्यांची जागा बिनविषारी धातूंनी घेतली.

कायद्याने इंग्लंडमध्ये १३ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला गळमासेमारीचा परवाना लागतो. त्याखेरीज त्या पाण्याच्या मालकाची किंवा मंडळाची परवानगी लागते. सुरक्षिततेची काही पथ्येही महत्त्वाची. विजेच्या तारांखाली कार्बनची काठी कधीही उभी धरू नये, कारण ती वीजवाहक असते. पूर चढत असताना उतरत्या काठावर बसू नये. आणि हाताला जखम असल्यास ती झाकावी, कारण आपल्याकडे पावसाळ्यात धास्ती घातली जाते तो लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून या पाण्यांतही पसरतो.

मासा सोडताना

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. नियमांनुसार इंग्लंडच्या नद्यांतून ठरावीक संख्येने लहान मासे नेण्यास वाव आहे, पण बहुतेक गळकरी एकही मासा नेत नाहीत. एक मोठा बार्बेल किंवा चब तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागू शकतात. तोच मासा पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या आनंदाचे कारण होतो. हिवाळ्यात मासा सोडताना विशेष काळजी घ्यावी लागते. गोठलेल्या जमिनीवर त्याला ठेवू नये. ओला हात, ओली मऊ चटई वापरावी. कडक थंडीत त्याचे कल्ले व डोळे हवेत फार वेळ उघडे राहू देऊ नयेत. शक्य असल्यास जाळीत, पाण्यातच गळ काढावा. मग धारेकडे तोंड करून मासा स्वतःहून निघून जाईपर्यंत त्याला आधार द्यावा.

नदीचे राखणदार

मासा घरी न्यायचा नसेल, तर त्या गळकऱ्याचा खरा स्वार्थ नदी जिवंत राहण्यातच उरतो. १९४८ साली इंग्लंडमधील गळकऱ्यांनी प्रदूषणाविरुद्ध न्यायालयात लढण्यासाठी एक संघटना स्थापन केली. डर्बी येथील मासेमारी मंडळाने डरवेन्ट नदी नासवल्याबद्दल तेथील नगरपालिका, धाग्यांचा कारखाना आणि वीज प्राधिकरण यांच्यावर दावा लावला. १९५२ साली निकाल मंडळाच्या बाजूने लागला आणि अपिलातही तो टिकला. सांडपाणी, रसायने आणि वीजकेंद्राचे गरम पाणी हे सारेच त्या दाव्याचे विषय होते.

लढाई संपलेली नाही. २०२० साली जाहीर झालेल्या सरकारी मूल्यमापनात इंग्लंडमधील केवळ १४ टक्के नद्या चांगल्या पर्यावरणीय स्थितीत आढळल्या. २०२२ साली 'अँगलिंग ट्रस्ट' या संस्थेने सेव्हर्न नदीपासून सुरुवात करून गळकऱ्यांकडूनच पाण्याचे नमुने तपासून घेण्याचा उपक्रम हाती घेतला. हिवाळ्यात नदीकाठ ओस पडतो. त्या वेळी पाण्याचा रंग, वास आणि मेलेले मासे पाहणारा बहुधा एकटा गळकरीच असतो.

या कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले. त्यांत पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीरही होता. खुद्री हे नाव देऊन त्यांनी त्याला इंग्लंडच्या बार्बेलच्याच प्रजातीत, 'बार्बस'मध्ये, स्थान दिले. महसीर वाचविण्यासाठी १९७०च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी त्याची पैदास केली जात आहे. परंतु ज्या नदीत तो शास्त्राला प्रथम सापडला, तेथे पुणे शहराच्या हद्दीत आज त्याच्यासाठी कोणी गळ टाकणार नाही. कोकणात गरवायला बसणारा, घाटावर डोहाकाठी गळ टाकणारा मनुष्य आपल्याकडेही आहे. त्याने पाहिलेले पाणी कोणी टिपून ठेवले, तर आपल्या नद्यांचीही वर्षभराची खबर मिळू शकेल.