हायड्रोजन रेणूच्या दोन फटी : मुंबईतील एका मोजमापाचा इतिहास

वेगवान आयन हायड्रोजनच्या रेणूवर आदळला म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. ते कोणत्या दिशेस व किती ऊर्जेने जातात, हे मोजण्याचे जे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. बेळगाव-निपाणी भागातील आपण अध्यापक पदवी वर्गास सोडियमच्या दिव्यासमोर बायप्रिझमचा प्रयोग करून घेतो. या विषयाचे मूळ त्याच प्रयोगाच्या तत्त्वात आहे.

कोहेन व फानो यांनी १९६६ साली एक विचार मांडला. हायड्रोजन रेणूत दोन सारखी केंद्रके असून इलेक्ट्रॉन दोहोंचा असतो. तो बाहेर पडताना कोणत्या केंद्रकापासून निघाला हे सांगता येत नाही. म्हणजे दोन केंद्रके यंगच्या दोन फटींप्रमाणे वागतील आणि व्यतिकरण दिसेल. फटींमधील अंतर केवळ ०.७४ अँगस्ट्रॉम. १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.२ अँगस्ट्रॉम आणि २७५ इलेक्ट्रॉन व्होल्टला ती या अंतराएवढीच होते. (हे गणित वर्गात डी ब्रॉग्लीच्या सूत्राने दोन ओळींत करून घेता येते.) कोहेन-फानो यांचे विवेचन प्रकाशाने होणाऱ्या आयनीभवनाचे होते, आयनांच्या आघातात तो परिणाम दिसण्यास २००१ साल उजाडले.

त्या वर्षी श्टोल्टरफोहट व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील कां येथील त्वरकावर ३४ इलेक्ट्रॉन काढून घेतलेले क्रिप्टॉनचे आयन हायड्रोजनवर सोडले. तथापि ऊर्जा वाढते तशी इलेक्ट्रॉनांची संख्या इतकी झपाट्याने घसरते की त्या उतरणीवरील बारीक लहर सरळ दिसत नाही. म्हणून त्यांनी मिळालेल्या आकड्यांना दोन सुट्या अणूंसाठी गणिताने काढलेल्या आकड्यांनी भागले. भागाकारात लहर आली. पण ती रेणूची की भाजकाची? सिद्धान्तातील थोडीशी उणीवही भागाकारात चढउतार निर्माण करू शकते. माझ्या मते संपूर्ण विषयाची विश्वासार्हता या एका प्रश्नावर अवलंबून होती.

याचे उत्तर मुंबईत शोधले गेले. टाटा संस्थेची सुरुवात १९४५ साली बंगळूर येथे होऊन ती त्याच वर्षी मुंबईस आली. तिच्या कुलाबा येथील आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक उभा राहिला. लोकेश त्रिबेदी यांच्या गटाने भाजकही प्रयोगानेच मोजावयाचे ठरविले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. हायड्रोजन वायू रेणूरूपातच मिळतो. तो फोडून अणू करावे लागतात, न फुटलेल्या रेणूंचा वाटा वजा करावा लागतो आणि लक्ष्य विरळ असल्याने मोजणी दीर्घकाळ चालवावी लागते. मात्र अणू आणि रेणू एकाच उपकरणाने मोजल्याने उपकरणाचे बरेचसे दोष भागाकारात आपोआप गळून पडतात. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लहर टिकून राहिली.

पुढे २००६ साली याच गटाने अणूचीही गरज उरू दिली नाही. ८० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे, सर्व इलेक्ट्रॉन काढलेले कार्बन आयन वापरून, पुढे आणि मागे फेकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतील असमानता त्यांनी पाहिली. रेणूची तुलना रेणूशीच. परका भाजक नाही. त्या असमानतेतही व्यतिकरणाची खूण मिळाली. मला तर हीच युक्ती अधिक सुंदर वाटते.

त्यानंतर पाणी व युरॅसिल यांसारख्या रेणूंकडे गटाचे लक्ष वळले. युरॅसिल हा आरएनएचा घटक होय. शरीरातून आयन जाताना मोकळे होणारे, अगदी थोड्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडू शकतात हे २००० साली दिसून आले होते. त्यामुळे आयन-किरणांनी कर्करोगावर उपचार करणाऱ्यांना हे आकडे लागतात. मात्र युरॅसिलमध्ये चार जातींचे बारा अणू आहेत. तेथे हायड्रोजनसारख्या दोन सारख्या फटी नाहीत.